काटेवाल्या बाई

आमच्या खेळाच्या बाईंना माणसाच्या तोंडाकडे बघायची सवयच नव्हती. नवी मुलगी समोर आली की नजर थेट पोटऱ्यांवर. पाथर्डीकडच्या आमच्या शाळेत एकदा तपासणीला साहेब आले, तर त्यांचेही पाय न्याहाळून बाई हळूच म्हणाल्या, "डावा जरा आखडलाय साहेबांचा."

आमचा मुलींचा खो-खोचा संघ. बाईंनी भंगारवाल्याकडून स्प्रिंगचा लटकता काटा मिळवला होता. शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्या एकेकीला टेबलावर बसवायच्या. घोट्याला जुन्या दप्तराचा पट्टा, पट्ट्याला काटा आणि काटा मागं खिडकीच्या गजाला. मग पाय जोर लावून पुढं ताणायचा. किती किलोचा जोर ते बाई वहीत लिहायच्या, आधी उजव्याचा, मग डाव्याचा. गावानं त्यांचं नावच काटेवाल्या बाई पाडलं होतं.

दोन पायांत जास्त फरक निघाला, की ती पोरगी बाकावर. मग ती कितीही भोकाड पसरो. "गुडघा गेला तर कोन देनार गं दुसरा? तुझा बाप?" असं करवादायच्या. आणि एक वाक्य तर ठरलेलं, "तोंड खोटं बोलंल, पाय न्हाई बोलायचा."

दहावीच्या वर्षी मी आईबापाबरोबर ऊसतोडीला गेले. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना डावा गुडघा मुरगळला. गावी परतले तेव्हा निवड सामन्यांना आठच दिवस राहिले होते. निवड झाली असती तर खेळाडूंच्या सरकारी वसतिगृहात राहणं, खाणं, शिकणं, आणि कोयत्यापासून कायमची सुटका. बाकावर बसले असते तर पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा तीच फळी.

शनिवारी मी टेबलावर बसले आणि उजव्या पायाचा निम्मा जोर चोरला. दोन्ही पाय सारखे निघाले. केवढी हुशार मी!

बाई वहीची मागची पानं चाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मनीषे, दोन्ही पाय उतरले गं तुझे. उसात पोटाला मिळालं न्हाई व्हय?" सोमवारपासून त्या माझ्यासाठी डब्यात शेंगदाण्याचे लाडू आणू लागल्या. "खा, माझ्यासमोर खा," म्हणायच्या. मी खाल्ले.

सामन्यात खांबाला वळसा घालताना डावा गुडघा कट्कन वाजला. बाई मैदानात धावत आल्या, मला पाठुंगळी मारून थेट टेम्पोपर्यंत नेलं. मी कळवळत होते आणि बाई एकच बडबडत होत्या, "काट्यानं दगा दिला गं. काटाच बिघडला माझा." त्यानंतर त्यांनी कुणाचाच पाय मोजला नाही. काटा कपाटात गेला आणि पुढं पुढं तर संघही मोडला.

किती वेळा सांगायचं ठरवलं! पण जीभ उचलली नाही. गेल्या वर्षी बाई नगरच्या दवाखान्यात होत्या, तिथं भेटायला गेले. सगळं बोलायचंच, म्हणून वाटेत देवाची शपथ घेतली होती. मी जवळ बसले तशी बाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि चक्क माझ्यापुढं हात जोडले. "माझ्या काट्यापायी तुझं वाटोळं झालं पोरी. माफ कर मला."

आणि मी काय म्हणाले? "जाऊ द्या बाई, मी कधीच विसरले." मी त्यांना माफ केलं! मला मेलीला लाज कशी वाटली नाही?

पंधरा दिवसांत बाई गेल्या. त्यांच्या भावजयीनं काटा मला आणून दिला, "तुमची लई आठवन काढायच्या" म्हणाली.

मी सुप्याला कारखान्यात माल तपासायचं काम करते. तिथं तपासून शिक्का मारलेली वजनं असतात. जेवणाच्या सुट्टीत काट्याला वीस किलो अडकवलं. काटा बरोबर वीसवर थांबला. तसूभरही इकडे तिकडे नाही.

घरी येऊन मी काटा खिडकीच्या गजाला बांधला, खुर्चीवर बसले, उजव्या घोट्याला पट्टा अडकवला आणि त्या शनिवारी चोरलेला सगळा जोर लावला. काटा सरसर पुढं गेला. मान वळवून आकडा मोठ्यानं वाचला, पण लिहून घ्यायला बाई नव्हत्या.