व्यवसाय शेती

बबनमामांनी लग्नपत्रिकेतली सगळ्यात खालची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ चष्म्याशिवाय वाचली आणि मी टाळ्या वाजवल्या. शिरूरच्या आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यातली ही माझी जुनी खोड. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्याला पत्रिका वाचायला लावायची आणि टाळ्या वाजवायच्या. ओपीडीतले बाकीचे पेशंटही वाजवतात. त्या दिवशीही वाजवल्या. मामा मात्र मान खाली घालून बसलेले.

"वाचाया येतंय ओ," ते म्हणाले. "पर रातचं गाडी चालवाया येत न्हाई."

"मोटारसायकल?"

"बस. कंपनीची."

माझे हात तिथंच थांबले.

मी लेन्स काउन्सेलर. डोळ्यात कोणती लेन्स बसवायची, ते पेशंटला समजावणं हे माझं काम. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून कृत्रिम लेन्स बसवतात. लोकांना वाटतं, लेझरनं केलं म्हणजे झालं. लेझर छेद घेतो, गढूळ भिंगाचे तुकडे करतो, तिथं त्याचं काम संपतं. पुढं जन्मभर बघायचं ते लेन्समधून. साधी लेन्स लांबचं स्वच्छ दाखवते, वाचायला चष्मा लागतो. मल्टिफोकल लेन्सवर बारीक गोल कडी असतात. ती उजेड वाटून देतात, थोडा लांबच्याला, थोडा जवळच्याला. चष्मा सुटतो, पण काहींना रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात. म्हणून रात्रीच्या ड्रायव्हरला आम्ही ती सुचवत नाही.

ऑपरेशनआधी मी मामांना विचारलं होतं, "काय करता?"

"शेती."

इनामगावचा माणूस, डोक्यावर टोपी, हाताला घट्टे. शेतीच असणार. चष्मा अजिबात नको म्हणाले, मी मल्टिफोकल सांगितली. दिव्यांची गोष्ट एका वाक्यात उरकली. शेतकऱ्याला कुठले आलेत हेडलाइट!

"मामा, ड्रायव्हर आहात हे बोलला का नाहीत?"

"सातबाऱ्यावर नाव हाय माझं. कुनी इचारलं तर शेतीच सांगतो. डायवर म्हनून काय सांगायचं? आन् चष्मेवाला डायवर ठेकेदाराला चालत न्हाई."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन्ही डोळे झाल्यावर ते शिक्रापूरच्या नाइट शिफ्टला पुन्हा बस नेत होते.

"परवा न्हावऱ्याच्या पुढं समोरनं ट्रक आला. दिव्याला ही एवढी चक्रं. त्येच्याआड उसाची ट्रॉली हुबी, दिसलीच न्हाई. बस रस्त्याच्या खाली घातली म्हनून वाचलो. मागं पोरंपोरी झोपल्याली. येकजन उठून म्हनतो कसा, मामा, खड्डा व्हता का?"

मी त्यांना आत मॅडमकडे, म्हणजे आमच्या सर्जनकडे नेलं. मॅडमनी सगळं ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"विचारलं होतं ना तुम्ही?"

"विचारलं होतं. शेती म्हणाले."

त्यांनी केसपेपरवरचं 'व्यवसाय: शेती' खोडून ड्रायव्हर लिहिलं. ते जास्त लागलं.

मामांना म्हणाल्या, "काही महिन्यांत सवय होते काहींना. तोवर रात्री बसला हात लावायचा नाही. दुसरा मार्ग म्हणजे ही लेन्स काढून साधी बसवायची. पण ती ज्या पातळ पिशवीत बसलीय ती फाटली, तर आहे ती नजरही धोक्यात येईल."

"सवय व्हईस्तवर बस माझ्यासाठी थांबती व्हय?"

"दिवसाची ड्युटी मागा."

"ती ठेकेदाराच्या भावकीला."

मामांनी लेन्स बदलली नाही. सवयही झाली नाही. बस दुसऱ्याकडे गेली. नंतर शिरूरच्या बाजारात मेथीच्या जुड्या घेऊन बसलेले भेटले. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "आता खरीखुरी शेती बगा, सायेब." आणि हसले. दिवस कलायला लागला तशी उरलेली मेथी गोळा केली. एसटी पकडायची होती. स्टिअरिंगवर उभा जन्म काढलेला माणूस.

आता मी पेशंटला काय करता असं विचारत नाही. रात्री काय करता, असं विचारतो. एक आजोबा म्हणाले, "झोपतो. तुमी?"

घरी बायकोला हे सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"केडगावला मला बघायला आलात तेव्हा, मुलगा काय करतो विचारल्यावर तुमच्या आप्पांनीही शेतीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही दौंडला चष्म्याच्या दुकानात नोकरीला आहात, हे मला हळद लागल्यावर कळलं."

मी हसलो. ती हसली नाही.

"मला पुन्हा विचारायची सोय नव्हती," ती म्हणाली. "तुम्हाला होती."