पियानोखालचं पाणी

आमच्या घरात चूल पेटायच्या आधी पियानो वाजायचा, आणि वाजवणारीला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. साखराबाई कोरडं फडकं घ्यायची आणि डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत एकेक पट्टी पुसत जायची. पुसताना पट्टी दाबली जायची, सूर निघायचा. शेवटच्या पट्टीपाशी ती जरा थांबायची, मान वाकडी करून ऐकायची आणि मग झाडू हातात घ्यायची. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा पहिल्याच पहाटे दचकून उठून बसले. नवऱ्याला हलवलं तर कूस बदलत म्हणाले, "साखराबाई आहे. झोप." काय विचित्र घरात पडले मी, असं तेव्हा वाटलं होतं. ते मत मी अजून पुरतं बदललेलं नाही.

गाव आमचं धारूरच्या डोंगराखाली, तेलगावच्या अलीकडे. अशा गावात पियानो कुठून आला, हे प्रत्येक पाहुणा विचारतो. माझ्या सासूबाई, मुक्ताबाई, हैदराबादच्या. वडील वकील, घरात शिकवायला बाई यायची, म्हणून लेकीबरोबर पियानोही सासरी आला. परळीपर्यंत रेल्वेनं आणि तिथून पुढं बैलगाडीत गवत घालून. गावानं त्याला 'बाईसाहेबांची पेटी' म्हणून टाकलं आणि विषय मिटवला. सासूबाईंना मी पाहिलं नाही. माझ्या लग्नाच्या चार-पाच वर्षं आधीच त्या गेल्या होत्या. पण घरात त्यांचं नाव अशा तऱ्हेनं निघायचं की त्या मागच्या खोलीत गेल्यात आणि आत्ता येतील, असंच वाटावं.

साखराबाई त्यांच्याच वेळेपासूनची. डोंगरातल्या मेंढपाळाची लेक. नवरा लवकर गेला, पोरबाळ नव्हतं, ती आमच्या वाड्यावर कामाला लागली आणि सासूबाईंनी तिला घरात ओढून घेतलं. माहेरी असताना धुक्यात कोणती मेंढी कुठं चरते हे ती गळ्यातल्या घंटेवरून सांगायची म्हणे. तोच कान तिनं पेटीला लावला. सासूबाई वाजवायला बसल्या की ही दाराशी पदर चाचपत बसून राहायची. कामं पडलेली असायची. त्यावरून बोलणी खायची, पण उठायची नाही.

पियानो जुळवायला हैदराबादहून एक म्हातारा कारागीर अधूनमधून यायचा. त्याला आमच्या हवेचा भारी राग. पावसाळ्यात लाकूड ओल पिऊन फुगतं, तारा ताणल्या जातात, सूर वर चढतो. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसतं, तारा सैलावतात, सूर खाली उतरतो. चढ-उतार चालूच राहिला तर एक दिवस तारांमागची मोठी फळीच तडकेल, मग माझ्या बापालाही जुळवता येणार नाही, असं तो म्हणायचा. उपाय त्यानं साधा सांगितला. पियानोच्या खालची फळी काढायची, आत रुंद तोंडाचं गाडगं पाण्यानं भरून ठेवायचं. पाऊस सुरू झाला की काढून घ्यायचं. सासूबाईंनी ते काम साखराबाईकडं दिलं. घरात तिसऱ्या कोणाला हे ठाऊक नव्हतं, कारण तिसऱ्या कोणाला त्यात गोडी नव्हती.

मग सासूबाईंच्या पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, पाण्याचा थेंब द्यायचा नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं, तेव्हा तसंच करत. सासूबाई पाणी मागत राहिल्या. माझे सासरे, विठ्ठलराव, तांब्या पलंगाखाली सरकवून उशाशी बसले आणि म्हणत राहिले, "सकाळपतूर दम धर, मुक्ता." साखराबाई पायाशी होती. तिला पदराचं टोक ओलं करून सासूबाईंच्या ओठांवरून फिरवता आलं असतं. तिनं ते केलं नाही, कारण मालक बघत होते. सासूबाई पाणी मागत मागत गेल्या.

आमच्याकडं गेलेलं माणूस जिथं झोपायचं तिथं दिवा लावतात, पाण्याचं भांडं ठेवतात. तेराव्याला दिवा उचलला, भांडं उचललं. पियानोखालचं गाडगं मात्र राहिलं. मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, ते पाहिलं आणि विचारलं, "हे कावून ठिवलंय?"

"बाईसाहेबांनी सांगितलंय," साखराबाई म्हणाली.

खोटं काहीच नव्हतं त्यात. पण मामंजी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाकून बघायला गेले. पाणी बोटभर खाली गेलं होतं. तिसऱ्या दिवशी आणखी. त्या दिवसापासून हा माणूस रोज सकाळी आधी गाडग्यात डोकवायचा आणि मग चहाला यायचा. पाणी कमी झालेलं दिसलं की त्यांचा चेहरा सैल पडायचा. पहिला पाऊस झाल्यावर साखराबाईनं गाडगं काढून घेतलं तेव्हा ते घाबरून तिच्यामागं आले. तिनं खाली मान घालून सांगितलं, "पावसाळ्यात बाईसाहेबांना तहान न्हाई लागत, मालक." हे मात्र शुद्ध खोटं होतं. पण ते बोलून गाडग्याची जागा कायमची पक्की झाली, आणि तिला तेवढंच हवं होतं.

हे सगळं मला नंतर कळलं. तोवर मीसुद्धा त्या खोलीवरून जाताना पदर सावरून, भराभरा जायची. नवऱ्यानं पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, "आई पाणी पिते तिथं." एवढा शिकलेला माणूस, पण हे वाक्य म्हणताना त्यानं आवाज खाली घेतला.

बहात्तर साली गाडगं श्रावणातही निघालं नाही. पाऊसच नव्हता, काढायचं कशाला? विहिरी तळाला गेल्या. बायाबापे खडी फोडायला दुष्काळी कामावर जाऊ लागले, सरकारी वाटपाच्या सुकडीवर पोरं जगू लागली. मामंजी गावच्या सोसायटीचे चेअरमन. सोसायटीचा ट्रॅक्टर टाकी लावून लांबून पाणी आणायचा आणि माणशी मोजून वाटप व्हायचं. मामंजी कडक माणूस. चेअरमनच्या घराला जास्तीची घागर नाही म्हणजे नाही. पण त्या तुटपुंज्या पाण्यातून गाडगं आधी भरायचं, स्वयंपाक मग. मी मुकाट्यानं डाळ बिनपाण्याची शिजवायचा प्रयत्न करत होते आणि मेलेल्या सासूचा हेवा करत होते.

हवा इतकी कोरडी झाली की सकाळी भरलेलं गाडगं दुपारी निम्मं व्हायचं. पियानो आपोआप बोलू लागला. भर दुपारी, घर सामसूम असताना आतून टक् असा आवाज यायचा आणि मागं एखादी तार घुमत राहायची. मामंजी ओसरीवर जागच्या जागी थिजायचे. "लई तहानलीय ती," म्हणायचे.

साखराबाईचं सकाळचं पुसणं आता लांबू लागलं. एकेका पट्टीवर ती थबकायची, परत दाबायची. मधले सूर सगळ्यांत जास्त उतरले होते, आणि सासूबाईंचं सगळं वाजवणं मधलंच. एका दुपारी मी तिला तिच्या स्वतःच्या वाट्याचा तांब्या गाडग्यात ओतताना पकडलं आणि चांगलीच कावले. "साखराबाई, जिवंत माणसानं मरायचं का आता?"

तिनं मला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. म्हातारा कारागीर, लाकूड, तारा, सगळं. मग म्हणाली, "लाकूड पितंय, मला ठाव हाय. पर बाईसाहेबांचा आवाज त्या लाकडातच राह्यलाय, वहिनीसाहेब. ते उतरलं की त्या गेल्या. दुसरं काय हाय माझ्याकडं त्यांचं?" आणि माझा हात धरून, "मालकांना बोलू नका."

मी बोलले नाही. खरं सांगायचं तर भुतापेक्षा लाकूड बरं, असं वाटून मला त्या रात्री गाढ झोप लागली.

गाडग्याची बातमी गावात कोणी फोडली मला माहीत नाही. आमच्या भिंतींना कान नव्हते, तोंडं होती. खडीवर बायका बोलू लागल्या की चेअरमनच्या घरात सवाष्ण बाई पाणी मागत गेली, ती अजून तहानलेली आहे, म्हणून पाऊस रुसलाय. एका सकाळी एक म्हातारी ओंजळभर पाणी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी चार-पाच जणी आल्या. मग रांग लागू लागली. कोणी वाटी, कोणी तांब्या, कोणी नुसताच गडू. आपल्या मोजक्या वाट्यातलं काढून आणायच्या, गाडग्यात ओतायच्या आणि म्हणायच्या, "पी माय, आन् सोड पावसाला." मामंजी ओसरीवर उभं राहून एकेकीला हात जोडायचे. आयुष्यात कोणापुढं न वाकलेला माणूस.

एक गाडगं पुरेना. शेजारी दुसरं आलं, तिसरं आलं. लाकडाला काय, माणसाची भाषा कळते थोडीच. त्याला ओल मिळाली आणि सूर चढू लागले. आठवड्याभरात मधले सूर बरेचसे जागेवर आले. साखराबाई फडकं फिरवताना हसायची. त्या दुष्काळात हसणारं माणूस मी एवढं एकच पाहिलं, आणि मला तिचा रागही आला आणि तिची दयाही आली.

मग बायनाबाई आली. खडी फोडणारी, कडेवर तान्हं. तिचे ओठ फाटून रक्त सुकलं होतं. पोर रडत होतं, पण आवाज फुटत नव्हता, नुसतं तोंड उघडत होतं. तिनं तांब्या पुढं केला. "माझ्या वाट्याचं हाय. पडू दे म्हणावं आता."

साखराबाईनं तांब्या घेतला. गाडग्याकडं वळली. पोराच्या उघड्या तोंडाकडं बघितलं आणि तिथंच उभी राहिली. मी दारात होते. तिच्या मनात काय चाललंय हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि देवा, मी गप्प राहिले.

"घरी घिऊन जा हे," ती म्हणाली.

"कावून? माझं पाणी चालत न्हाई का?"

"चालतंय. पर हितं कुणी पीत न्हाई, बायना."

रांगेतल्या बायका जवळ सरकल्या. साखराबाईनं मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "बाईसाहेब पीत न्हाईत. लाकूड पितंय. लाकूड सुकलं की तारा ढिल्या पडत्यात, म्हणून खाली पाणी ठिवायचं असतंय. मला पयल्यापासून ठाव हाय. ही गाडगी उचला आन् समद्या वाटून न्या."

मामंजी ओसरीवरून आत आले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "पावसाळ्यात तिला तहान न्हाई लागत, म्हणलीवतीस तू."

"खोटं बोलले, मालक."

"म्हंजी इतक्या वर्सात..." ते थांबले. मग लहान पोरासारखं विचारलं, "येकदाबी प्याली न्हाई ती?"

"न्हाई, मालक."

ते भिंतीला धरून आत गेले. बायकांनी गाडगी उचलली. पाणी वाटून घेताना कोणी भांडलं नाही. बायनाबाईनं तिथंच बसून पदराचं टोक बुडवून पोराच्या तोंडात पिळलं, आणि साखराबाई तोंड फिरवून पियानोची खालची फळी बसवू लागली.

त्यानंतर पियानो वाऱ्यावर सोडला. सूर उतरत गेले आणि पुढच्या वैशाखात एका दुपारी मागची फळी उभी तडकली. घरभर आवाज झाला. मामंजींनी मान वर केली, परत खाली घातली. ते आता सकाळी कुठंच डोकवायला जात नव्हते आणि जेवणावरून अर्धवट उठत होते. सोसायटीच्या बैठकीला माणूस बोलवायला यायचा, तर बरं नाही म्हणून सांगायचे. साखराबाईशी ते एक शब्द बोलले नव्हते. तीही त्यांच्यासमोर यायची नाही. पुसायची मात्र रोज, पट्टी न दाबता.

जेठ लागला तेव्हाची गोष्ट. साखराबाई दमून आली होती, मी तिला नुकतंच पाणी दिलं होतं. ती ओसरीच्या कडेनं निघाली तर मामंजींनी हाक मारली. "साखरा, मुक्ता सांजच्याला वाजवायची ते कसं हुतं? मला काय केल्या याद यीना."

ती उभी राहिली. तिला पुरतं येत होतं, मला माहीत होतं. तिनं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. नुसती हवा आली. घसा खाकरून तिनं पुन्हा बघितलं, पुन्हा तेच. डोळे भरून आले तिचे.

मामंजी उठले. माठापाशी स्वतः गेले, आपल्या वाट्यातून तांब्या भरून आणला आणि तिच्यापुढं धरला. "आदी पानी पी."

ती सवयीनं वरून धार धरायला गेली, तर म्हणाले, "तोंड लावून पी." ती प्याली. ते तिच्याकडं बघत उभे होते, घोट घशाखाली उतरताना मोजत असल्यासारखे. तांब्या रिकामा झाला.

"आनखी?" त्यांनी विचारलं.

तिला तहान नव्हती. "व्हय, मालक," साखराबाई म्हणाली, आणि दुसराही तांब्या सगळा प्याली.