देशांना गुण देणाऱ्या मावशी

“ते ऱ्हाऊ द्या, मास्तर. पोरांना खाली उतरवलं क नाय, तेवढंच सांगा.”

मी कुठल्याही देशाचं नाव काढलं की मासेवाल्या मावशींचं हे वाक्य ठरलेलं. एक हात कमरेवर, मान वर आणि मास्क हनुवटीवर घसरलेला. मी पनवेलच्या आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, त्या खाली गेटाबाहेर मासळीच्या पाटीपाशी उभ्या. मध्ये दोरी बांधलेली आमची निळी बादली. बादली रिकामी खाली जायची, बांगडे घेऊन वर यायची आणि तेवढ्यात आमची साऱ्या जगाची चर्चा उरकायची.

तुम्हीही ते दिवस पाहिलेत, त्यामुळे लांबण लावत नाही. सगळं बंद होतं आणि घरोघरी एकेक तज्ज्ञ तयार झाला होता. आमच्या घरातला तज्ज्ञ मी! कॉलेजात भूगोल शिकवतो, त्यामुळे जगातले सगळे देश म्हणजे आपल्याच वर्गातली मुलं, असा माझा जुना समज. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर तक्ता आखला आणि बसलो गुण द्यायला. न्यूझीलंडनं वेळेवर दारं लावून घेतली, दहापैकी नऊ. दक्षिण कोरियानं धडाधड तपासण्या केल्या, साडेआठ. स्वीडननं हॉटेलं उघडी ठेवली, चार. हे ‘चार’ मी गॅलरीत मोठ्यानं वाचलं मात्र, वरच्या मजल्यावरून काका कडाडले, “चार? अहो, लोकांच्या अकलेवर विश्वास ठेवणारा एकच देश निघाला, आणि त्याला चार?”

काका तळोज्याच्या एका केमिकल कंपनीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर यंत्रांच्या आवाजावर ओरडून बोलल्यामुळे त्यांना हळू बोलताच येत नसे. मीही काही कमी नाही. आमची जुंपली की समोरच्या इमारतीतले लोक खिडक्यांत येत.

“उंटावरून शेळ्या हाकताय दोघं,” बायको म्हणायची. “बादली सोडा खाली. मावशी ताटकळल्यात.”

मावशी उरणकडच्या एका कोळीवाड्यातल्या. नवऱ्याची होडी होती, मासळी त्या विकत. गावानं वेशीवर बांबू आडवे बांधून रस्ता बंद केलेला. पण मासळी सडू द्यायची नाही म्हणून दोन बायकांना टेम्पोनं पनवेलला यायची मुभा होती. परत गेल्यावर वेशीवरच साबणाच्या पाण्यानं आंघोळ करायची आणि मगच घरी जायचं.

आमची भांडणं त्या पाच-सहा दिवस मुकाट्यानं ऐकत होत्या. मग एकदा पापलेट तोलता तोलता विचारलं, “मास्तर, तुमी कसले गुन देता? माझा पोर सहा देसांच्या दारात जाऊन आला. यकानं पन पाय टेकू दिला नाय.”

मावशींचा एकुलता एक मुलगा मालवाहू जहाजावर खलाशी होता. त्याचा करार केव्हाच संपला होता. एरवी करार संपला की माणूस बंदरात उतरतो, त्याच्या जागी दुसरा चढतो आणि हा विमानानं घरी येतो. आता कुठलंच बंदर कुणाला उतरू देईना, चढू देईना. जहाज आपलं माल चढवतंय, उतरवतंय आणि पुढे निघतंय. पोरानं घर सोडून वर्ष उलटलं होतं आणि कित्येक महिन्यांत जमिनीला पाय लागला नव्हता.

“लय बडबड्या माझा पोर,” मावशी म्हणाल्या. “आता फोनवर निस्तं हो, नाय, बरा हाय. काल बोल्ला, आये, पान्याकडं बगवत नाय आता. कोल्याचा पोर, मास्तर! पान्याकडं बगवत नाय बोलतो.”

 

दुसऱ्या दिवशी मी घरातला जगाचा मोठा नकाशा चिमटे लावून गॅलरीच्या कठड्यावरून खाली सोडला. मावशींना देशांची नावं ठाऊक नव्हती. जहाजात काय भरलं यावरून त्यांनी जग वाटून टाकलेलं. एक कोळशाचा देश, एक लाकडाचा, एक तांबड्या मातीचा. तांबडी माती म्हणजे लोखंडाची खनिजं, हे मला कळायला दोन दिवस लागले. मी कपडे वाळत घालायच्या काठीनं वरून देश दाखवायचो आणि मावशी खालून विचारायच्या, “हितून आपला किनारा किती लांब?” अहो, पंचवीस वर्षं शिकवतोय मी. इतक्या जिवाच्या आकांतानं नकाशा बघणारा विद्यार्थी मला मिळाला नव्हता.

त्यांची गुण द्यायची रीत साधी होती. कोळशाच्या देशात पोराची दाढ सुजली, तर डॉक्टर जहाजावर आला नाही आणि याला खाली नेलं नाही. शून्य! (त्या देशाचं नाव मी सांगणार नाही. तिथली माणसंही आपल्यासारखीच भ्यायलेली होती.) लाकडाच्या देशात कुणीतरी जहाजाच्या शिडीशी संत्र्यांची पेटी ठेवून गेलं, वर चिठ्ठी होती, ‘घरच्यांना आमचा नमस्कार सांगा.’ मावशींनी लगेच वर बघितलं. “त्याला दोन गुन द्या. उतरवलं नाय, पन मानूस हाय म्हनून वलखलं तरी.”

माझ्या तक्त्यात ज्यांना नऊ, त्यांना मावशींकडे शून्य. मी वाद घालायचो, “मावशी, त्यांनी दारं लावली म्हणून त्यांची माणसं वाचली!” त्या म्हणायच्या, “वाचली ना? चांगलं झालं. पन दाराभायेर कोन हुभा हाय, ते बगायचं क नाय?” तक्त्यात मी एक नवा रकाना आखला आणि त्यावर लिहिलं, ‘उतरवलं का?’

मग काय विचारता! मी फोनवर जहाजं दाखवणारं ॲप घेतलं. समुद्राच्या निळ्या पट्ट्यावर एक इवलासा बाण म्हणजे आमचं जहाज. आठवड्याभरात अख्ख्या इमारतीनं ते ॲप घेतलं. काका पहाटे उठून बाण बघत. माझ्या ऑनलाइन वर्गात एरवी निम्मी मुलं हजेरी देऊन गुल व्हायची, ती आता विचारू लागली, “सर, जहाज कुठे पोचलं?” मी त्या बाणावर व्यापारी वारे शिकवले, सागरी प्रवाह शिकवले, वेळेचा फरकसुद्धा शिकवला.

जहाज मक्याच्या देशात लागलं आणि एके सकाळी मावशी टेम्पोतून उतरायच्या आधीच ओरडल्या, “मास्तर! कागद झाले! उतरवतात त्याला!” मी गॅलरीत नाचायचा तेवढा बाकी राहिलो. काकांनी वरून थाळी वाजवली. पोरानं बॅग भरली, तिकीट निघालं. आणि दोन दिवसांनी निरोप आला की विमान नाही. आपल्याकडचे विमानतळच बंद होते.

आपल्या देशाला मी सात गुण दिले होते. त्यांतले दोन विमानं झटक्यात थांबवली म्हणून होते. मावशींनी खालून शांतपणे विचारलं, “म्हंजे मक्याच्या देसानं दार उगडलं, आनि आपल्याच देसानं लावलं?” मी आत जाऊन खोडरबर शोधू लागलो. बायको म्हणाली, “नुसते गुण पुसून काय होणारे?” खरंच होतं तिचं.

पण नशिबाची गंमत बघा! जहाजाला पुढचा माल मिळाला तो आपल्याकडे पोचवायचा. बाण वळला! तोवर आपल्या खलाशांना आपल्या बंदरात उतरू द्यायचं असा नियमही झाला होता. पुढचे दिवस आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. बाण अरबी समुद्रात शिरला त्या दिवशी बायकोनं शिरा केला आणि बादलीतून खाली सोडला. मावशींनी तो रस्त्यावरच उभ्यानं खाल्ला, डोळे पुसत, हसत. “पोर फोनवर बडबडाय लागलाय, मास्तर! काय काय रांदायचं त्याची यादी देतो!”

जहाज बाहेर समुद्रात नांगर टाकून उभं राहिलं, तपासणी झाली, उतरायचा दिवस ठरला. आदल्या सकाळी मावशी आल्या त्या पाटीशिवाय. मी त्यांना पाटीशिवाय कधी पाहिलंच नव्हतं. गेटाबाहेरच्या कट्ट्यावर त्या मटकन बसल्या.

“गाव नाय बोलतो,” त्या म्हणाल्या. “जहाजावरचा हाय, भायेरचा हाय, आत घ्यायचा नाय. चौदा दिवस होडीतच ऱ्हाऊ दे बोलतात, खाडीत नांगरून. पुन्ना पान्यावर! मास्तर, तो आता पान्यावर ऱ्हायचा नाय. येडा हुईल माझा पोर.”

माझं डोकंच फिरलं. “असं कसं? स्वतःच्या गावच्या पोराला? मी तहसीलदारांना पत्र लिहितो, पेपरात देतो—”

“वरडू नका,” त्या म्हणाल्या. “त्या बांबूची गाठ मीच मारलीय.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शेजारणीची लेक पनवेलच्या एका दवाखान्यात नर्स. घरमालकानं खोली सोडायला लावली म्हणून महिन्यापूर्वी ती बॅग घेऊन आईकडे आली होती. बांबूपाशी त्या दिवशी मावशीच पहाऱ्याला होत्या. त्यांनी तिला आत घेतलं नाही. ‘दवाखान्यातली तू, मागं जा,’ म्हणाल्या. पोरीनं पाणी मागितलं, तर बाटली हातात न देता बांबूवरून टाकली.

“आनि मी रोज पनवेलात येते, दहा सोसायट्या फिरते. मना कोन अडवीत नाय! का, तर मासली इकायची हाय.” मावशींनी पदर तोंडावर दाबला. “आता काल मी गावाशी भांडाय गेले, तर तिची आय कायच बोल्ली नाय, निस्ती माझ्याकडं बगत ऱ्हायली. मास्तर, तुमच्या तक्त्यात आमच्या गावाचं नाव लिवा. किती गुन देता?”

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मावशींचं सोडा, माझं सांगतो. त्या गेटाबाहेर का बसत होत्या? ‘बाहेरच्या विक्रेत्यांना प्रवेश बंद’ या सोसायटीच्या नोटिशीखाली सह्या होत्या, त्यात तिसरी सही माझी. ही बाई महिनोन्‌महिने उन्हात उभी होती आणि मी वरून तिला जग दाखवत होतो. लाज वाटली. चप्पल घालून मी खाली उतरलो आणि गेट उघडून मावशींना जिन्यात सावलीला बसवलं. बायकोनं पाणी आणलं, आणि पेला त्यांच्या हातात दिला.

“मना त्या पोरीकडं न्या,” मावशी म्हणाल्या.

दवाखान्यानं नर्सना राहायला दिलेली जागा बाजारापलीकडे होती. आम्ही चालत गेलो. ती पोरगी खाली आली. रात्रपाळी करून आलेली, नाकावर मास्कचे वळ. मावशींनी भररस्त्यात, दहा पावलांवरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “पोरी, मी चुकले. मी तुला पानी हातात दिलं नाय.”

ती ‘जाऊ दे’ म्हणाली नाही, आणि ते मला बरोबरच वाटलं. मग तिनं विचारलं, “तो कधी उतरतोय?”

“उद्या.”

“किनाऱ्यावर जाळी ठेवायची खोप आहे ना तुमची? ती रिकामी करा. ताट-तांब्या वेगळा. ताप मी रोज फोनवर विचारीन. गावाला काय सांगायचं ते मी येऊन सांगते, परवापर्यंत मला सुट्टी आहे.”

“आदी तू आत जाशील,” मावशी म्हणाल्या. “आयच्या घरात जेवशील. तो मंग.”

वेशीवर काय झालं ते मावशींनी संध्याकाळी फोनवर सांगितलं. सांगत कसल्या होत्या, किंचाळतच होत्या! गाव जमलं, आरडाओरडा झाला. पोरीनं सगळ्यांना लांब लांब उभं केलं आणि पोरं शिकवावी तसं एकेक समजावलं. एक म्हातारा म्हणाला, हिची जबाबदारी कोण घेतो? मावशी म्हणाल्या, मी. बांबूची गाठ सुटता सुटेना, खास कोळणीची गाठ ती. शेवटी त्यांनी कोयत्यानं कापली. आधी ती पोरगी आत गेली. तिची आई दारातच रडायला लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगा उतरला.

आता मावशी पनवेलला येत नाहीत, गुडघ्यांनी दगा दिलाय. पोरगा परत जहाजावर जातो. नर्सबाई अजून त्याच दवाखान्यात आहेत. देशांचा तो तक्ता मी रद्दीत घातला, काकांनी स्वीडनसाठी शेवटपर्यंत भांडून घेतलं.

पोरगा आल्यावर तीन-चार दिवसांनी, भर दुपारी, मी स्कूटर काढून त्यांच्या गावी गेलो होतो. बायकोनं दिलेला डबा बरोबर होता. काय काय विचारायचं, काय काय सांगायचं, सगळं वाटेत ठरवलेलं. किनाऱ्यावर खोपीपासून थोड्या अंतरावर चुन्याची रेघ मारली होती आणि रेघेच्या अलीकडे मावशी भुईवर बसल्या होत्या. दार उघडं होतं.

“मावशी!” मी लांबूनच ओरडलो. “अहो, आला की नाही शेवटी! काय म्हणतोय आपला—”

त्यांनी वळून ओठांवर बोट ठेवलं. खोपीत चटई बाजूला सारलेली होती आणि पोरगा उघड्या मातीवर पालथा पडला होता, दोन्ही हात पसरून.

“हलू, मास्तर,” त्या म्हणाल्या. “जमिनीवर झोपलाय.”