नट थांबला की

लातूरच्या एमआयडीसीत मी डाळमिलच्या मशिनरीची ड्रॉइंगं कॉम्प्युटरवर काढतो. स्क्रीनवरच्या एखाद्या छिद्रात बोल्टासाठीचे आटे पडेनासे झाले, की समोरच्या वर्कशॉपातल्या डिझायनरला हाक मारायची. ते लगेच येतात, पण माउसला हात लावत नाहीत. स्टुलावर बसतात, खिशातून एक जुना बोल्ट काढतात आणि त्यावरचा नट फिरवत म्हणतात, "काय काय केलं ते तोंडानं सांगा, मालक."

मग आपण पहिल्यापासून सांगत सुटायचं. चूक आली की नट थांबतो. "दहाच्या बोल्टाला छिद्र बी दहाचंच? मग आटे काय हवेत पाडून राहिलात?" एवढं बोलून ते चहासुद्धा न घेता जातात. मला त्या नटाचा धाकच बसला होता.

परवा त्यांचंच ड्रॉइंग अडलं, आणि तासाभरात जॉब मशीनवर चढवायचा होता. मला बोलावून त्यांनी बोल्ट माझ्या हातात दिला. "म्या सांगतो, तुमी फिरवा."

मला काय कळणार? मी आपला फिरवत राहिलो. सांगता सांगता ते छिद्राच्या खोलीपाशी आले आणि माझा नट थांबला. ते दचकून स्क्रीनजवळ वाकले.

"हाव की! छिद्र वीस खोल अन् आटे पंचवीस! बसतील कुठं? लई तयार झालात तुमी."

मी गंभीरपणे मान डोलावली. नट बोल्टाच्या डोक्याला टेकला होता, म्हणून थांबला होता, हे काही सांगितलं नाही.

हल्ली मात्र त्यांचा नट थांबला, की तो कुठवर आलाय ते मी आधी बघतो.