तिसऱ्या शिट्टीला मोजे

माझ्या डोक्यावर राहणाऱ्या त्या गृहस्थाइतका वेळ जपणारा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही; आणि आमच्या सोसायटीत तो ओळखला गेला तो मात्र वेळेचं भान नसलेला म्हणून. डोक्यावर म्हणजे वरच्या मजल्यावर. कर्वेनगरातल्या आमच्या इमारतीचा स्लॅब बिल्डरने जरा हात राखूनच घातला आहे, त्यामुळे वरचं सगळं खाली कळतं. त्याच्या घरात घड्याळ होतं, पण घर चालायचं ते कुकरवर. पहिल्या शिट्टीला पहिलीतली मुलगी उठायची, दुसरीला दूध, तिसरीला मोजे, आणि गॅस बंद झाला की दोघं जिन्यात. एकदा कुकरची रिंग सैल झाली आणि शिट्टीच होईना, तर पोरीची शाळा बुडाली. "अहो, भिंतीवर घड्याळ नव्हतं का?" मी विचारलं. "होतं ना काका. पण ते ओरडत नाही."

हा सगळा आटापिटा बायकोच्या नोकरीसाठी होता. ती इतिहास शिकवायची. पुण्यातल्या कॉलेजांत कितीतरी वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवाल तेवढ्याच तासांचे पैसे आणि सुट्टीत तेही नाहीत, अशी काढल्यावर तिला लांबच्या एका तालुक्याच्या गावी कायमची जागा मिळाली. सोमवारी पहाटे जायची, शनिवारी संध्याकाळी यायची. मधले दिवस हा एकटा. "ऑर्डर हातात आली तेव्हा ती रडली होती, काका," तो मला एकदा म्हणाला. "ती नोकरी सुटता कामा नये. माझं खरं काम तेवढंच. ऑफिस काय, चालतंच."

मुलीला तो गणवेश घालूनच झोपवायचा. "इस्त्री मोडते, पण सकाळ वाचते." वेण्या स्कूटरवर व्हायच्या. पोरगी पुढे उभी. पहिल्या सिग्नलला डावी वेणी, दुसऱ्याला उजवी. एकदा ती एकाच वेणीने शाळेत गेली आणि बाई रागावल्या, तेव्हा तिने शांतपणे सांगितलं, "आज दुसरा सिग्नल हिरवा होता." सोसायटीच्या सभेला तो सोलायला मटार घेऊन येऊन बसायचा. पाण्याच्या टाकीवरून आम्ही सगळे घसा कोरडा होईपर्यंत भांडलो, त्या सभेतून निष्पन्न झाले ते फक्त त्याचे पातेलंभर मटार. मी चारचौघांत म्हणायचो, "अहो, श्वास घ्यायला तरी वेळ काढा." तो म्हणायचा, "घेतो ना, जिना चढताना." लोक हसायचे. लोकांना हसवायला मला आवडायचं. माझी बायको गेल्यापासून दुसरं काही उरलंही नव्हतं.

एका मंगळवारी पाळणाघराच्या बाई आजारी पडल्या. सकाळी हातात एक मोजा घेऊन तो माझ्या दारात आला. त्याने माझ्याकडे मागितलेली ही पहिली आणि शेवटची गोष्ट. "काका, आज शाळा सुटल्यावर रिक्षावाले हिला तुमच्या दाराशी सोडतील. मी लवकर निघायचं बघतो."

"अहो, त्यात काय? मला कुठं जायचंय?" मी म्हणालो.

वाक्य अगदी खरं होतं. पण दुपारी जेवण झालं आणि हाताने आपलं रोजचं काम केलं. आमच्याकडे बेल बंद करून झोपायची चाल आहे. बटण आत जायच्या वाटेवरच आहे, जाता जाता बोट लागतं. पंखा मोठा केला, कानातलं यंत्र काढून ठेवलं आणि पडलो. पोरगी आली, मुकी बेल दाबत राहिली. बापाने बजावलं होतं, दारातून हलायचं नाही. ती हलली नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंना ती दिसली तेव्हा माझ्या पायपुसण्यावर दप्तर उशाला घेऊन झोपली होती आणि गणवेश ओला झाला होता. काकूंनी विचारलं तर एवढंच म्हणाली, "बाबा म्हणाले, इथेच थांब." त्याचा इमारतीने काढायचा तो अर्थ काढला. मी जागा होऊन दार उघडलं तोवर निकाल लागला होता : बाप पोर विसरला. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "ज्यांना घरातली मुलं मोजायला सवड नाही, त्यांनी निदान जिना अडवू नये." त्याखाली अंगठे पडले. त्यातला एक माझा होता.

दुसऱ्या दिवशी मी वर गेलो. तो भांडी विसळत होता.

"मी सांगतो सगळ्यांना," मी म्हणालो.

"काय सांगणार? झोप लागली, हेच ना? झोपणं काही गुन्हा नाही, काका." त्याने पातेलं पालथं घातलं. "इथे तुमच्याशी बोलणारी चार माणसं आहेत. ती तरी राहू देत."

मला हायसं वाटलं. आता सगळ्यात जास्त टोचतं ते हे हायसं वाटणं.

शनिवारी त्याच्या बायकोला ही हकिकत घरी पोचायच्या आधी जिन्यातच कळली. मग वरून तिचा आवाज आला, "मी सोडते ती नोकरी."

"अगं, एकच दिवस झालं ना असं?"

"एक दिवस बास आहे."

तेव्हाही त्याने माझं नाव घेतलं नाही. स्लॅब पातळ आहे, घेतलं असतं तर मला ऐकू आलं असतं. मधे एकच जिना होता. मी तो चढलो नाही. ती परत तासिका तत्त्वावर शिकवू लागली, आणि वर्षभरात ते वारज्याला राहायला गेले.

म्हणून आता लिहितो. तो पोर विसरला नव्हता. त्याने तिला इमारतीतल्या सगळ्यात रिकाम्या माणसाकडे सोपवलं होतं. हे त्या ग्रुपवरही टाकणार आहे.

मध्यंतरी तो भाजी घेताना भेटला. शेजारी मुलगी होती, दोन्ही वेण्या सारख्या. त्याने पिशवी खाली ठेवली आणि सवडीने विचारलं, "काय काका, दुपारची झोप होते ना नीट?" त्यात टोमणा नव्हता, टोमणा मला लगेच ओळखू येतो.

"होते की," मी म्हणालो.

होत नाही. बेल दिवसभर चालू असते आणि कानातलं यंत्र मी काढत नाही. वर आता कॉलेजची मुलं राहतात, त्यांच्याकडे कुकर नाही. दुपारी बेल वाजते ती त्यांच्या जेवणाच्या डब्याची, मजला चुकून. मी खुर्चीतून उठतो, दार उघडतो, आणि समोरच्या माणसाकडे बघण्याआधी खाली पायपुसण्याकडे बघतो.