वजा बिल

हे सांगायचं मी सात वर्षं टाळलं. बायकोला सांगितलं नाही, मुलीलाही नाही. निवृत्तीच्या निरोप समारंभात साहेब म्हणाले, "यांच्या टेबलावर कधी कागद अडला नाही." मी शाल सावरत मान खाली घातली. लोकांना तो माझा विनय वाटला. पण एक कागद अडला होता, आणि तो मीच अडवला होता.

मी विजेच्या कार्यालयात बिलांचा बाबू होतो. आधी बरीच वर्षं गडचांदूरकडे गेली, शेवटची वैनगंगेच्या अलीकडच्या धानपट्ट्यात, एका तालुक्याच्या गावी. तिथं एक मासोळी विकणारी बाई दर महिन्याला बिल भरायला यायची. तिचा नवरा गावच्या तलावात जाळं टाकायचा आणि ती आठवडी बाजारात विकायची. बचत गटाच्या मदतीनं तिनं एक मोठं फ्रीजर घेतलं होतं. त्यामुळं बाजाराच्या दिवसापर्यंत माल टिकायचा आणि पडेल भावात द्यावा लागत नसे.

त्या वर्षी वरून आदेश आला की बिलाची रक्कम ग्राहकाच्या बँक खात्यातून परस्पर कापली जावी, त्याचे फॉर्म भरून घ्या. प्रत्येक बाबूला आकडा ठरवून दिला होता. माझे कमी पडत होते. ती रांगेत दिसली तसं मी तिला बोलावलं.

"बाई, इथं सही करा. उद्यापासून रांगेत उभं राहायचं काम नाही."

"मंग हे लोकं मासोळीच्या वासानं नाक कोणाले पाहून दाबतीन?" ती म्हणाली. रांग हसली. तिनं जोडाक्षर सांभाळत सही केली. "बरोबर कापसान ना भाऊ? जास्तीचे नाई ना?"

"माझ्यावर सोडा," मी म्हणालो.

पुढं चार महिन्यांनी तिचं मीटर बंद पडलं. रीडिंग घेणाऱ्यानं तसा शेरा पाठवला. नवीन मीटर बसवायचा कागद काढणं माझं काम होतं. मीटर तेव्हा मोजकेच यायचे, आणि ज्यांचा फोन साहेबांना यायचा त्यांच्याकडं आधी जायचे. मी कागद काढला नाही. तिच्या नावावर सरासरी लावून दिली, तीही उन्हाळ्याच्या दोन महिन्यांची, फ्रीजर दिवसरात्र चालायचं तेव्हाची. पावसाळ्यात मासोळी अंड्यावर असते, तलाव बंद असतो, तेव्हा ती फ्रीजर बंद ठेवायची. हे मला ठाऊक होतं. तिनंच कधीतरी सांगितलं होतं. तरी दर महिन्याला तोच उन्हाळ्याचा आकडा तिच्या खात्यातून कापला जात राहिला. रांगेत उभं राहून बिल भरणारा माणूस खिडकीवर भांडतो. तिला भांडायला यायचं कारणच मी काढून घेतलं होतं.

वैशाखात ती पासबुक घेऊन आली. या वेळी हसत नव्हती.

"बँकेतला पोरगा म्हणते का लाइटवाले घेऊन राह्यले. काऊन भाऊ, माया घरी कारखाना हाये का?"

मी घाईघाईनं नवीन मीटर बसवून घेतलं, बिल दुरुस्त केलं. तिचे अकरा हजारांहून जास्त जास्तीचे निघाले. पुढचं बिल आलं त्यावर आकड्याच्या मागं वजाचं चिन्ह होतं. ते मी तिला समजावून सांगितलं: हे तुमचे, आमच्याकडं जमा आहेत, पुढच्या बिलांतून वळते होतील.

"वळते कायले? मले आत्ताच द्या ना. मृगाच्या आधी तलावाचा हिस्सा भराचा हाये."

तो हिस्सा काय हे इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही, बाहेरच्याला सांगतो. तलाव सोसायटीच्या ठेक्यात असतो. पाऊस लागला की पाण्यात बीज सोडतात, म्हणजे माशांची बारीक पिल्लं. त्याआधी प्रत्येक घरानं ठेक्याचा आणि बीजाचा आपला वाटा द्यायचा. ज्यानं दिला त्याला वर्षभर जाळं टाकायची पाळी. ज्यानं नाही दिला त्यानं त्या वर्षी पाण्याला हात लावायचा नाही. मग तो सख्खा भाऊ का असेना, कारण पाण्यातली मासोळी बीज टाकणाऱ्याची.

मी तिच्याकडून परताव्याचा अर्ज लिहून घेतला. लिहिला मीच, सही तिची. परताव्याचं प्रकरण वरच्या कार्यालयात जायचं, आणि सोबतच्या नमुन्यात एक रकाना होता: जादा वसुली कशामुळे झाली. तिथं खरं लिहायचं तर माझं नाव येत होतं. नोकरीचे आठ महिने उरले होते. शेजारच्या टेबलावरचा सोबती म्हणाला, "पाठव, पाठव. चौकशी लागन, अन् पेन्शनचा कागद भामरागडवरून पाठवजो आम्हाले." भामरागड म्हणजे शिक्षेची बदली; तो गंमत करत होता. मी अर्ज आवकच्या वहीत न नोंदवता ड्रॉवरमध्ये टाकला.

इथपर्यंतचं माझं मी मला माफ केलं असतं. भीती सगळ्यांनाच असते. पण ती दर मंगळवारी यायची, आणि मी दर मंगळवारी म्हणायचो, "वरून मंजुरी यायची आहे, पुढच्या आठवड्यात होईल." मिळणार नाही एवढं जरी म्हटलं असतं तरी तिनं फ्रीजर विकलं असतं, कानातलं मोडलं असतं, गटातून उचललं असतं. तसं ती बोललीही होती. "गटाची बाई देतो म्हणते, उचलू का?" मी म्हणालो, "व्याज कशाला भरता? तुमचेच पैसे येताहेत."

एकदा ती म्हणाली, "मासोळी ठेवाले फ्रीजर माया घरी, अन् पैसे गोठवाचं तुमच्या घरी." सगळे हसले. मीही हसलो.

मृग निघाला. पुढचं तिनंच येऊन सांगितलं. सोसायटीच्या बैठकीत तिनं वजाचं बिल काढून सर्वांसमोर ठेवलं होतं. आमचे सरकारदरबारी जमा आहेत, हे पहा, भाऊनं सांगतलं, येतेतच. सेक्रेटरीनं बिल उलटंसुलटं पाहिलं आणि विचारलं, "ह्या कागदाची पिल्लं पडतेत का पाण्यात?" लोक हसले. तिचा नवरा उठून गेला. त्यांच्या घराचा हिस्सा सोडून बीज पडलं.

"आता तं आले तरी काय कामाचे," ती म्हणाली. "पण येतीन ना भाऊ?"

"येतील," मी म्हणालो.

त्या हिवाळ्यात नवराबायको दोघं मिरची तोडायला तेलंगणात गेली. तलावावरच्या माणसानं मिरची तोडायला जायचं म्हणजे काय, ते मी लिहीत नाही. पुढच्या वर्षी हिस्सा भरायच्या वेळी, मुकादमाची उचल फिटली नाही म्हणून, ती तिकडंच अडकली होती. दोन वर्षं हिस्सा नाही म्हणून सोसायटीतून नाव गेलं. ते परत लागलं नाही. तोवर मी निवृत्त झालो होतो. जाताना ड्रॉवर रिकामं केलं, तेव्हा तो अर्ज बाकीच्या रद्दीबरोबर फाडला. हेही लिहून ठेवतो.

गेल्या वर्षी मी तिच्या गावी गेलो. सगळं सांगून टाकायचं ठरवूनच गेलो होतो. बसमध्ये वाक्य पाठ केलं होतं. तिनं मला ओळखलं, खुर्ची झटकून दिली. नवरा तलावाच्या बांधावर बसला होता. दिवसभर तिथंच बसतो म्हणाली, दुसऱ्यांचं जाळं पाहत. फ्रीजर कोपऱ्यात होतं, बंद. त्यावर घड्या घातलेल्या गोधड्या.

"फ्रीजर विकलं नाही?" मी विचारलं.

"कोन घेते? अन् चालवून काय ठेवू त्याच्यात, गोधड्या?" मग ती आत गेली आणि एक बिल घेऊन आली. घरात दोन दिवे आणि एक पंखा. आकडा उतरला होता, पण वजाचं चिन्ह अजून होतं. मिरचीचे महिने घर बंदच राहायचं, आणि फ्रीजर चालत नाही, तर वीज जळणार कुठं आणि पैसे वळते होणार कसे? तिचे पैसे अजून आमच्याकडंच होते.

"इतके वर्स झाले, आमाले लाइटचा एक रुपया नाई लागला," ती म्हणाली. "गावात सांगतो मी, भाऊनं करून देल्लं. तुमची किरपा हाये."

ती खोचक बोलत असती तर मला बोलता आलं असतं. ती खरंच म्हणत होती. मी चहा घेतला. पाऊसपाणी, तिच्या मुलीचं सासर, माझे गुडघे, असं बोलत राहिलो. ती बसथांब्यापर्यंत सोडायला आली. बाजारातून विकत आणलेली सुकी मासोळी कागदात बांधून माझ्या पिशवीत घातली. बस धुरळा उडवत येताना दिसली तेव्हा मी तिच्याकडं वळलो. ती म्हणाली, "या भाऊ पुन्हा." मी म्हणालो, "येतो."

गुडघ्यांमुळं पुन्हा जाणं झालं नाही असं मी घरी सांगतो. ते खोटं आहे. त्या दिवशी बसमध्ये पाठ केलेलं वाक्य मोठं नव्हतं. तिच्याच बोलीत जुळवलं होतं, तिला नीट कळावं म्हणून:

बाई, तुमचा अर्ज कुठीच गेला नव्हता. सायबानं नाई, वरच्यानं नाई, म्याच दाबून ठेवला होता, अन् दर मंगळवारी तुमच्याशी खोटं बोललो. तुमचं पाणी माह्यामुळं गेलं. मले माफ करा.