कोऱ्या तळांचे बूट

माझी थोरली बहीण चाळीस वर्षांत एक पाऊल चालली नाही, पण तिच्याइतके बूट गल्लीत कुणाकडे नसतील. चौथ्या वर्षी तापात तिचे पाय गेले. बाबा बूट शिवायचे. दर वर्षी एक नवा जोड तिच्यासाठी, कारण देव तिला उठवेल तेव्हा ती अनवाणी नको. वरचं चामडं जुनं होई, तळ मात्र कोरे करकरीत.

ताईची जीभ तिखट. "देव काय माझं माप घेत बसलाय?" म्हणायची. तिला एकच हवं होतं: दारापुढच्या तीन पायऱ्यांवर एक फळी, म्हणजे चाकांची खुर्ची घेऊन आपली आपण रस्त्यावर उतरता येईल. बाबांचं उत्तर ठरलेलं. "फळी टाकली म्हणजे मी आशा सोडली. ते होणे नाही." मग ती उतरायची माझ्या पाठीवरून. आणि मी मूग गिळून गप्प. बापलेकीच्या भांडणात कोण पडणार!

एकदा सिनेमावाले आले. अपंग मुलगी आणि तिच्या आईची श्रद्धा, अशी कथा. आमचं घर त्यांना पसंत पडलं. खुर्चीतून पलंगावर कसं सरकायचं, पाय हातांनी कसे उचलायचे, हे ताईने नटीला शिकवलं. नटीचे बूट बघून तर ती खो खो हसली. "अगं, तळ झिजलेत तुझे! लोक पकडतील ना." आणि स्वतःचा जोड तिला दिला.

कॅमेऱ्याची गाडी आत आणायला त्यांनी पायऱ्यांवर फळी टाकली होती. ते चार दिवस ताई घरात सापडेना. कोपऱ्यावरच्या दुकानातून एकटी जाऊन सुई-दोरा घेऊन आली आणि तो सगळ्यांना दाखवत सुटली. पाचव्या दिवशी त्यांनी फळी उचलून नेली.

सिनेमा आम्ही तिघांनी पाहिला. शेवटी प्रार्थना होते, नटी उठते आणि ताईच्या बुटांनी दारापर्यंत चालत जाते. बाबा हमसून हमसून रडले.

"बाबा, ती आधीपासून चालतच होती हो," ताई हळूच म्हणाली.

त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्याच दिवशी जाड तळाचा जोड शिवायला घेतला. चालून चालून लवकर झिजायला नको.

तो जोड पुरा झाला आणि महिन्याभरात बाबा गेले. आम्ही चौघांनी खांदा दिला. पायऱ्या उतरून मी वळून पाहिलं, तर ताई उंबऱ्याशी, पायांत तो नवा जोड. तिला रोज उचलणारा मी बाबांच्या खाली अडकलो होतो. शेजारी पुढे झाले, पण तिला कसं धरायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं. तोल जायला लागला तशी तीच म्हणाली, "ठेवा मला खाली. जा तुम्ही." आम्ही गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळी आणून ठोकली. अर्धा तास लागला. एवढ्या वर्षांत मला तो अर्धा तास मिळाला नव्हता, याची लाज वाटली. ताई सावकाश उतरली. बाबांना नेलं त्या बाजूला बघत रस्त्यावर थांबली.

"कालच हवी होती रे," ती म्हणाली.